कानामागचा नादकाटा

मी एक नादकाटा. पोलादाचा, दोन बोटांचा, खाली धरायला एक दांडी. अंगावर आकडा कोरलेला आहे, २५६. मला ठोकलं की माझी बोटं सेकंदाला दोनशे छप्पन्न वेळा थरथरतात आणि एक सूर निघतो. एकच. दुसरा मला येत नाही आणि कित्येक वर्षं तो यावा असं वाटलंही नाही. माणसं साहेबापुढे एका सुरात बोलतात, बायकोपुढे दुसऱ्या. आपल्याला ते जमत नाही याची मला घमेंडच होती. ती कशी जिरली ते सांगतो.

माझा जन्म अंबाल्याचा. देशभरातल्या प्रयोगशाळांचं सामान तिथे तयार होतं. आम्ही आठ भाऊ एकाच कारागिराच्या हातून निघालो. त्यानं पोलादाची कांब वाकवली, कानशीनं घासून घासून सूर जुळवला आणि वरून चकचकीत मुलामा दिला. मी सगळ्यात लांब आणि सगळ्यात खालच्या सुराचा, म्हणजे षड्ज. माझ्यानंतर २८८, ३२० असे चढत चढत शेवटचा आखूड ५१२, तो वरचा षड्ज. सा रे ग म सगळे झाले. आठ खाचांच्या लाकडी पेटीत आम्हाला निजवलं आणि एकसष्ट साली आम्ही सोलापूरच्या एका हायस्कुलात दाखल झालो.

शाळेत आम्हाला वर्षातून दोन आठवडे काम. अकरावीची पोरं पाण्यात उभ्या केलेल्या नळीच्या तोंडाशी मला धरायची, नळी वर-खाली करून आवाज कुठे घुमतो ते बघायची आणि त्यावरून हवेतल्या आवाजाचा वेग काढायची. मला रबराच्या ठोकळ्यावर हलकं मारायचं असतं. पोरं बाकाच्या कडेवर आपटायची, एकमेकांच्या दातांना लावायची आणि ओरडायची. उरलेले पन्नास आठवडे कपाटात, गंधकाच्या बाटलीशेजारी. तरी माझं काही म्हणणं नव्हतं. मी बरोबर होतो, एवढं मला पुरत होतं.

अडुसष्ट साली प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून शरणप्पा लागला. तिशीच्या आतला, उंच, थोडा वाकून चालणारा. बाळीवेशीत राहायचा. पहिल्याच आठवड्यात त्यानं कपाट रिकामं केलं, आम्हा आठांना रॉकेलच्या फडक्यानं पुसलं आणि मला आपल्या तळहाताच्या उंचवट्यावर अलगद मारून कानाशी धरलं. पूर्ण विझेपर्यंत ऐकलं. सात वर्षांत असं कुणी ऐकलं नव्हतं.

शरणप्पाला संगीताचं वेड होतं, आणि तेही सरळ नव्हे. त्याचे वडील मठात भजनं म्हणायचे, त्यामुळे राग त्याच्या कानात लहानपणापासून मुरलेले. त्यात आमच्या शाळेत प्रार्थनेच्या हॉलमध्ये एक जुनी पायपेटी होती, पायानं भाता मारून वाजवायची विलायती पेटी. ती वाजवायच्या विजयमालाबाई. या संगीत शिकवायच्या आणि रविवारी चर्चमध्ये वाजवायच्या. पेटीच्या भात्याचं चामडं फाटलं तेव्हा शरणप्पानं ते बसवून दिलं. बाईंनी विचारलं, काय देऊ? हा म्हणाला, पाच रेघांवर सूर लिहायला शिकवा. बाईंनी वर्षभर शिकवलं. मग हा चर्चमधल्या गाण्यांत चार आवाज एका वेळी चार वेगळ्या ओळी कशा म्हणतात, ते शिकला आणि त्याच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. आपल्याकडे एका गळ्याचं गाणं, त्यांच्याकडे चार गळ्यांचं. दोन्ही एका ताटात वाढायचं, पण कालवायचं नाही, असं तो म्हणायचा. शिक्षकांच्या खोलीत त्याला ‘मिसळवाला’ म्हणत. तो हसायचा आणि चहाचे कप उचलायचा.

शरणप्पाची आई तो दोन वर्षांचा असताना गेली. त्याला वाढवलं आत्यानं, अक्कम्मानं. तो तिला आत्ती म्हणायचा. ती अक्कलकोटकडच्या गावची, तरुणपणीच नवरा गेल्यावर भावाकडे आली ती तिथलीच झाली. अर्धं कानडी, अर्धं मराठी बोलायची. पीठ गिरणीतून यायला लागलं तरी डाळी-बिळीला जात्यावर बसायची आणि कानडी गाणं म्हणायची. सासरी निघालेली पोर वाटेतल्या एकेका झाडाला आपलं माहेरचं नाव सांगत जाते, असं ते गाणं. तिच्या आईनं ते तिला दिलं होतं. या गाण्यावर शरणप्पा झोपला, उठला, जेवला.

आत्तीचे कान लहानपणापासून वाहायचे. पडदे गेले होते. दर वर्षी थोडं थोडं कमी ऐकू यायचं. त्र्याहत्तर साली कानाशी जाऊन ओरडलं तर समजायचं, एवढंच. शरणप्पानं तेव्हाच मनाशी ठरवलं की आत्तीचे कान पुरते जाण्याआधी तिचंच गाणं तिला चार आवाजांत, पेटीसकट, एकदा ऐकवायचं. तिनं पोराला दिलेल्या गाण्याचं पोरानं काय केलं ते तिला कळायला हवं. बाकी कुणी वाहवा केली नाही तरी चालेल.

म्हणून दर शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटली की आम्हा काट्यांची लाकडी पेटी त्याच्या पिशवीतून बाळीवेशीला जायची आणि सोमवारी सकाळी परत यायची. हे नियमात बसत नव्हतं. आत्ती जात्यावर बसायची, एक ओळ म्हणायची, हा हात वर करून तिला थांबवायचा आणि आम्हाला एकेक करून वाजवून तिचे सूर कागदावर उतरवायचा.

पहिल्या शनिवारी काय झालं ते मी विसरणार नाही. त्यानं मला ठोकून पाटावर टेकवलं, आणि आत्तीचा षड्ज आणि माझा सूर एकच निघाला. एका केसाचा फरक नाही. बारा वर्षांत माझ्या सुराचं माणूस मला पहिल्यांदा भेटलं, आणि तेही सही न येणारं. आत्तीचा सूर दर शनिवारी तिथेच असायचा. बाहेरचं तिला ऐकूच येत नव्हतं, पण स्वतःचा आवाज हाडांतून आतल्या आत ऐकू यायचा. त्यामुळे कुणी ढकलायला नव्हतं आणि ती हलत नव्हती. मला ती फार आवडली. शरणप्पाही खूश झाला. काटा दोनशे छप्पन्न, आत्ती दोनशे छप्पन्न, म्हणजे सगळं बरोबर. त्यानं या षड्जावर सगळी रचना बांधली. दीड वर्ष लागलं.

चौऱ्याहत्तरच्या डिसेंबरात गाणं पूर्ण झालं. जानेवारीत गड्ड्याची जत्रा आटोपली की शाळेचं स्नेहसंमेलन, तिथे पंधरा मिनिटं मिळाली. विजयमालाबाईंनी आपल्या चर्चमधले आठ गाणारे जमवले. पहिल्या तालमीला शरणप्पानं ऐटीत मला ठोकलं आणि पायपेटीच्या लाकडावर टेकवलं. बाईंनी पांढरी एक, म्हणजे पेटीवरचा षड्ज, दाबली.

असा काही आवाज झाला की मला लाज वाटली. दोन जवळजवळ सारखे सूर एकत्र आले की आवाज हेलकावे खातो, वाँव वाँव वाँव. सेकंदाला सहा हेलकावे. बाईंनी हात उचलला.

“शरणप्पा, तुमचा काटा खाली आहे.”

“काटा खाली कसा असंल, बाई? आकडा हाय की त्याच्यावर.”

“मग माझी पेटी वर आहे म्हणा. चाळीस वर्षं ती तिथेच आहे.”

बाईंनी मग अलीकडची पट्टी दाबली. आता मी वर झालो. म्हणजे पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीत मी पडत होतो. प्रयोगशाळेच्या पुस्तकातला षड्ज दोनशे छप्पन्नचा आणि पेट्या बनवणाऱ्यांचा दोनशे बासष्टच्या जवळचा, ही दोन खाती एकमेकांना विचारत नाहीत, हे त्या दिवशी आम्हाला कळलं. शरणप्पानं आकड्यावर विश्वास ठेवला. शाळेत काम करणाऱ्या माणसाकडून ही चूक व्हायचीच. मीही माझ्या आकड्यावर तेवढाच विश्वास ठेवला होता.

पेटी तर हलणार नव्हती. पेटी सोडून म्हणावं तर बाईंची माणसं पेटीच्या आधाराशिवाय उभी राहत नव्हती. आत्तीनं जरा वर सरकून गायचं, एवढाच मार्ग. पण तिला पेटी ऐकूच जात नव्हती. शरणप्पा तिच्या कानाशी ओरडून वरचा सूर द्यायचा, ती मान हलवायची आणि पुन्हा आपल्या जागेवरून सुरू करायची. गोठा ठाऊक असलेली गाय दुसऱ्या दावणीला थांबत नाही, तसं.

उपाय निघाला तो दवाखान्यातून. दिवाळीच्या सुटीत आत्तीला एका कानाच्या डॉक्टरकडे नेलं होतं. डॉक्टरनं एक नादकाटा ठोकून त्याची दांडी तिच्या कानामागच्या हाडावर टेकवली होती, आणि आत्ती दचकून म्हणाली होती, “अय्यो! हे कुटनं वाजतंय?” पडदे गेले तरी हाड शाबूत होतं. शरणप्पाला तालमीनंतर दोन दिवसांनी ते आठवलं. त्यानं घरी मला आत्तीच्या कानामागे टेकवलं. तिनं डोळे मिटले. वर्षानुवर्षांनी बाहेरचा सूर तिच्या आत शिरला होता, आणि तो माझा होता.

पण मी तर तिच्याच सुराचा. तिला वर न्यायचं तर आधी मला वर जायला हवं होतं. काटा वर नेण्याचा एकच मार्ग असतो. टोकं घासायची.

पुढच्या रविवारी दुपारी, चर्च आटोपून विजयमालाबाई हॉलमध्ये आल्या. शरणप्पानं बारीक कानस काढली.

“शाळेची वस्तू आहे,” बाई म्हणाल्या.

“व्हय. सांगीन मोहिते सरांना. प्रयोगशाळा त्यांच्याकडंच हाय.”

“आधी सांगायचं असतं.”

“आधी सांगितलं तर न्हाई म्हनतील की.”

बाईंनी पेटीवर पाय मारायला सुरुवात केली.

त्यानं मला फडक्यात धरलं आणि कानशीचे दोन हात मारले. घासलं की मी तापतो आणि तापलो की सूर उतरतो, म्हणून दर वेळी मला गार होऊ द्यावं लागायचं. मग ठोकायचं, पेटीशी ताडून बघायचं. सेकंदाला सहा हेलकावे होते ते पाच झाले, चार झाले. टेबलावर माझ्या अंगाची चिमूटभर पूड साचली. दुखलं असं म्हणणार नाही, पोलादाला दुखत नाही. पण राग आला. दोन तासांनी शेवटचा हेलकावा थांबला आणि मी पेटीशी एक झालो. अंगावर २५६ आणि तोंडात २६२. जन्मात पहिल्यांदा मी खोटा झालो.

संमेलनाच्या दिवशी आत्तीला मंचावर चटई टाकून बसवलं. निळं इरकली लुगडं नेसवलं होतं. शरणप्पा तिच्या मागे गुडघ्यावर बसला. ठरलं असं होतं की काटा कानामागे लागला की सुरू करायचं, खांद्यावर हात पडला की थांबायचं. पेटीनं खाली एकच सूर धरला, तंबोऱ्यासारखा. शरणप्पानं मला तळहातावर मारलं आणि आत्तीच्या हाडावर टेकवलं. तिनं गाणं उचललं, वरच्या नव्या जागेवरून, नीट. मग बाईंच्या माणसांपैकी दोघांनी तीच ओळ निम्म्या चालीनं धरली, विलंबित म्हणतात तशी. त्यांच्यावर आणखी दोघं. मग चौघं निराळ्याच ओळी घेऊन आत आले. पोर सासरी निघाली आहे आणि झाडं तिला उत्तर देत आहेत, असं ते झालं. तिसऱ्या कडव्यात आत्ती घसरायला लागली. शरणप्पानं मला ओळ चालू असतानाच तिच्या कानामागे दाबलं आणि ती श्वासाबरोबर वर आली. हॉलमध्ये पाचशे माणसं होती. मी जीव तोडून वाजत होतो आणि तिच्याखेरीज एकालाही मी ऐकू जात नव्हतो.

टाळ्या पडल्या, बऱ्यापैकी. हेडमास्तर म्हणाले, “वेगळंच होतं.” एका पालकानं नाटक कधी सुरू होणार ते विचारलं. पण विजयमालाबाईंचे पुण्याचे एक नातेवाईक आले होते, ते बराच वेळ शरणप्पाचा हात धरून उभे राहिले.

घरी चालत जाताना मी त्याच्या सदऱ्याच्या खिशात होतो. बाळीवेशीच्या कोपऱ्यावर त्यानं आत्तीच्या कानाशी तोंड नेऊन ओरडून विचारलं, “कसं वाटलं गं आत्ती?”

“बरं झालं की. लई मानसं हुती.”

“गाणं! गाणं कसं वाटलं?”

“माजं मी म्हनलं,” आत्ती म्हणाली. “चुकलं का काय?”

“न्हाई, न्हाई. बाकीचं? माजं?”

तिनं त्याच्याकडे नवलानं पाहिलं. “तुजं काय हुतं त्यात, तम्मा? मला तर त्यो एक काटाच ऐकू आला. लई ग्वाड हुता.”

शरणप्पा तिचा हात धरून पुढे चालायला लागला. एवढे आठ गळे आणि एवढी मोठी पेटी, एवढं तरी तिच्यापर्यंत पोचेल असं त्यानं धरलं होतं. ज्या एका माणसासाठी दीड वर्ष घातलं, त्या माणसाला त्यातलं काहीच पोचलं नव्हतं. मी त्याच्या छातीशी होतो, मला ते कळत होतं. मला त्याची फार दया आली.

फेब्रुवारीत नळीच्या प्रयोगात पोरांची उत्तरं दरवर्षीपेक्षा कमी यायला लागली. विज्ञानाचे मोहिते सर कडक माणूस. त्यांनी मला उजेडात धरलं. टोकांवरचा मुलामा गेलेला, खालचं पोलाद उघडं पडलेलं.

“हे काय आहे, शरणप्पा?”

“मी घासलाय, सर.”

“कशाला?”

त्यानं सगळं सांगितलं. सर संमेलनात तिसऱ्या रांगेत होते. बराच वेळ त्यांनी मला हातात फिरवलं.

“त्या म्हातारीच्या कानामागे धरलं होतंस ते हे?”

“व्हय सर.”

“जूनमध्ये नवा मागवू. तोवर पोरांना दोनशे बासष्ट लिहायला सांग.” आणि मला पेटीत ठेवताना म्हणाले, “पुन्हा विचारल्याशिवाय हात लावू नकोस.”

त्याच आठवड्यात पुण्याहून पत्र आलं. तिथल्या एका गायनसंस्थेनं मार्चमध्ये ही रचना ऐकवायला बोलावलं होतं. ऐकणारे जाणकार, जाण्यायेण्याचं भाडं त्यांचं. विजयमालाबाईंनी पत्र दोनदा वाचून दाखवलं. शरणप्पाच्या कानशिलापर्यंत लाली चढली. मिसळवाल्याला पुण्यानं बोलावलं होतं. आत्तीला न्यायचं, मला आहे तसं न्यायचं, बस्स.

त्या शनिवारी दुपारी तो घरी आम्हाला पुसत बसला होता. आत्ती जवळ आली आणि पदर मागे सारून कान पुढे केला.

“त्यो लाव की रे. बरं वाटतं.”

त्यानं मला लावलं. तिनं डोळे मिटून ऐकलं. मी विझल्यावर, काय मनात आलं कोण जाणे, त्यानं दुसऱ्या भावाला लावलं. मग तिसऱ्याला. आत्तीनं डोळे उघडले. चौथा, पाचवा. ती बोटांनी गुडघ्यावर मोजायला लागली. आमच्या पेटीतले सगळे सूर एकामागून एक तिच्या आत जात होते. त्यानं तिच्याच गाण्याची पहिली ओळ तशी एकेक काटा लावून वाजवायला घेतली. ती हसली आणि लगेच कपाळाला आठी घातली.

“पयला बसत न्हाई,” ती म्हणाली. “बाकी समदे घरचे. ह्यो पावना.”

पाहुणा मी होतो. माझे सात भाऊ जागेवर होते आणि मी सहानं वर चढून बसलो होतो. सातांना वर नेण्यापेक्षा एकाला खाली आणणं सोपं. पण मी खाली आलो की पुणं गेलं. आत्तीला पेटीच्या सुरावर नेणारं दुसरं काही नव्हतं. नवा काटा जूनआधी यायचा नव्हता आणि आला तरी २५६ चाच. पुण्याहून आल्यावर घासावं, एवढाही धीर आता शरणप्पाला नव्हता; आत्तीच्या कानांचा काय भरवसा?

सोमवारी तो विजयमालाबाईंकडे गेला. मी खिशात.

“काटा पुन्हा उतरवतोय, बाई. पुन्याला न्हाई म्हनून कळवा.”

बाई खुर्चीतून उठल्या. “वेड लागलंय का तुम्हाला? आत्ती नको तर नको. दुसरी गाणारी घेऊ. मी बसवते तिच्याकडून.”

“गानं तिचं हाय.”

“आणि रचना तुमची! ती कोण ऐकणार मग?”

“ती ऐकंल.”

“एकटी?”

“व्हय. एकटीच.”

“शरणप्पा, असं बोलावणं पुन्हा येत नाही.”

“ठावं हाय, बाई,” तो म्हणाला. “मलाबी जायचं हुतं.”

बाई पुढे महिनाभर त्याच्याशी बोलल्या नाहीत. मी त्यांना दोष देत नाही. त्यांनी वर्षभर शिकवलं होतं, आठ माणसं तयार केली होती.

मोहिते सरांना मात्र त्यानं या वेळी आधी विचारलं. सर म्हणाले, “जूनमध्ये नवा येतोच आहे. आता आणखी काय बिघडायचंय त्याचं?” सूर खाली आणायला दोन बोटांच्या मधली बेचकी घासावी लागते, गोल कानशीनं. ते नाजूक काम. दोन शनिवार लागले. धाकट्या ५१२ शी ताडून बघत बघत त्यानं मला जागेवर आणलं. पण बेचकी पातळ झाली. पूर्वी मी अर्धा मिनिट वाजायचो, आता पंधरा-वीस सेकंदांत विझतो. वर घासलेला, खाली घासलेला. या वेळी मला राग आला नाही.

मार्चमधल्या एका शनिवारी, ज्या दिवशी पुण्याला जायचं होतं त्याच दिवशी, त्यानं आत्तीला भिंतीला टेकवून बसवलं. आधी तिचं गाणं वाजवलं, एकेक काटा लावून. तिनं मान डोलावली. मग त्यानं मला डाव्या हातात घेतलं आणि पाचव्या भावाला, पंचमाला, उजव्या हातात. दोघांना आपल्या गुडघ्यांवर मारलं आणि एकाच वेळी तिच्या दोन्ही कानांमागे टेकवलं.

दोन सूर एका वेळी तिनं तरुणपणानंतर ऐकले नव्हते. आम्ही विझलो, त्यानं पुन्हा मारलं, पुन्हा लावलं.

“दोगं गात्यात व्हय रे?”

त्यानं मान हलवली.

“ही मी,” माझ्या बाजूच्या कानाला हात लावून ती म्हणाली. “आनि ह्यो दुसरा कोन?”

शरणप्पाचे दोन्ही हात गुंतलेले. तो तिच्या समोर वाकला आणि हनुवटीनं आपल्या छातीकडे खूण केली.

“तू?” तिनं त्याच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. “असा लांबनं का गातोस मग? जरा जवळ ये की.”

त्यानं पंचम खाली ठेवला आणि तिसऱ्या भावाला, गंधाराला उचललं. तो माझ्या अधिक जवळचा. दोघांना मारलं, टेकवलं.

“हां,” आत्ती म्हणाली. “आता बरं.”

तिनं डोळे मिटले आणि गायला लागली, आपल्या मूळच्या जागेवरून. शरणप्पाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. पुसायला हात मोकळा नव्हता.

याला आता तीन वर्षं झाली. जूनमध्ये अंबाल्याहून नवे आठ काटे आले आणि आम्ही जुने आठ मोहिते सरांनी शरणप्पाला देऊन टाकले. विजयमालाबाई परत बोलायला लागल्या. मधून मधून येतात, आत्तीच्या एका कानामागे त्याही एक काटा धरतात. शरणप्पा लिहितो अजून. फक्त दोन काट्यांसाठी आणि एका बाईसाठी त्यानं बारा रचना लिहिल्या आहेत. त्या कुणी वाजवायला मागत नाही. आत्ती थकली आहे, गाते कमी, चुका काढते जास्त.

माझा आवाज वर्षागणिक थोडा कमी होतो आहे. होऊ दे. तुमच्याकडे मागायचं ते एवढंच. शनिवारी दुपारी कधी बाळीवेशीत शरणप्पाकडे आलात आणि दाराशी उभं राहून आत सगळं सामसूम वाटलं, तर कडी वाजवू नका. पायरीवर जरा बसा. आत गाणं चाललेलं असतं.